मांजराचे बारसे



गेले काही दिवस या व्यासपीठावरून आपण पाटबंधाऱ्यांपासून उपनिषदांपर्यंत कितीतरी भारदस्त विषय ऐकलेत. आज प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर 'मांजराचे बारसे' ही अक्षरे वाचून आपल्यापैकी काहींनी चष्मा पुसला असेल आणि ती पुन्हा वाचली असतील. व्यवस्थापकांनी मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा तेही क्षणभर गप्प राहिले. मग जरा चाचरत म्हणाले, "गुरुजी, हे रूपक आहे ना?" मी म्हटले, "नाही हो, मांजरच आहे."

मी चाळीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. व्याकरणातला पहिला धडा नामाचा. सामान्यनाम आणि विशेषनाम यांतला भेद मुलांना सांगताना मी नेहमी एकच उदाहरण देत असे : "मांजर हे सामान्यनाम, मनी हे विशेषनाम." मुले लिहून घेत, परीक्षेत उतरवून काढत. पण सामान्यनामाचे विशेषनाम होते तेव्हा घरात नेमके काय घडते, याचा विचार मी निवृत्त झाल्यावरच केला. तो आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

प्रथम सामान्यनामाकडे वळू. अमरकोशात मांजराला पाच नावे आहेत : ओतु, बिडाल, मार्जार, वृषदंशक आणि आखुभुक्. 'मार्जार' हा शब्द पुसणे, स्वच्छ करणे या अर्थाच्या 'मृज्' धातूवरून आला असे मानतात. दिवसभर अंग चाटून लख्ख करणारा, तो मार्जार. शेवटल्या दोन नावांचा अर्थ सरळ उंदीर चावणारा, उंदीर खाणारा असा आहे. म्हणजे कोशकाराने नावे ठेवली ती मांजराची कामे पाहून. ही हुद्द्याची नावे झाली. कचेरीत आपण 'शिरस्तेदार' म्हणतो, तशी. त्यांत लाड नाही.

आणि काम होते हे खरेच. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, त्या धान्यावर उंदीर आले आणि उंदरांच्या मागे पश्चिम आशियातली रानमांजरे माणसाच्या उंबऱ्यापर्यंत आली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक थडगे सापडले. त्यात माणसाच्या शेजारीच एक मांजर पुरलेले होते. २००४ साली हा शोध प्रसिद्ध झाला. ज्याला आपल्या शेजारी चिरनिद्रा घेऊ द्यावी, त्याला तो माणूस जिवंतपणी नुसते 'उंदीरखाऊ' म्हणत असेल, असे मला वाटत नाही.

वाङ्मयाने मात्र मांजराचे नाव पार बदनाम केले. महाभारताच्या उद्योगपर्वात तपस्व्याचे सोंग घेऊन उंदीर मटकावणाऱ्या बोक्याची गोष्ट आहे. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटात एका पायावर तप करणारे मांजर कोरलेले आहे आणि त्याच्यापुढे उंदीर जमले आहेत. ते डोळे मिटून दूध पिते, ते आडवे गेले की आपले काम अडते, शिंके तुटले की त्याचे फावते. म्हणी काढून पाहा, बिचाऱ्याच्या वाट्याला चांगला शब्द सहसा येत नाही. पण ज्या घरात या म्हणी बोलल्या जातात, त्याच घरात संध्याकाळी ताटली वाजवून "मने, ये ग माझे बाई" अशी हाक जाते! ग्रंथाने ठेवलेले नाव एक आणि घराने ठेवलेले नाव दुसरे.

आता आपण म्हणाल, नावे तर सगळ्याच जनावरांना असतात. असतात खरी, पण त्यांत एक फरक आहे. बैलजोडीला सर्जा-राजा म्हणावे लागते, कारण औताला कोणाला डाव्या बाजूला घ्यायचे ते ठरवायचे असते. कुत्र्याला मोती म्हणावे लागते, कारण त्याला हाकेसरशी बोलवायचे असते, परक्यावर सोडायचे असते. मांजराला नावाने बोलावून कोणते काम सांगणार? उंदीर धर म्हटल्याने ते धरत नाही आणि दुधाला तोंड लावू नको म्हटल्याने ते थांबत नाही. त्याच्या नावाचा व्यवहारात यत्किंचितही उपयोग नाही. आणि जे नाव उपयोगाचे नाही, तेच केवळ प्रेमासाठी ठेवलेले असते.

म्हणूनच की काय, मांजराचे एका नावावर भागत नाही. माझ्या ओळखीच्या घरांत मी याची थोडी पाहणी केली आहे. पहिले नाव बहुधा रंगरूपावरून पडते : काळी, सोनी, वाघ्या, बिजली. महिन्याभरात स्वभाव कळतो आणि दुसरे नाव येते : चोरटी, रुसूबाई, आगाऊ. मग पदव्या मिळू लागतात. सर्वांत उशिरा येऊन सर्वांत आधी जेवणारी ती मामलेदारीणबाई, कोणी बसायच्या आत पाटावर बसणारा तो जावईबापू. शेवटी जी नावे येतात त्यांना अर्थच नसतो. एका घरी मनीची मनुली झाली, मनुलीची नुली, नुलीची नुल्लू आणि आता त्या घरातले पाहुणे "नुल्लू म्हणजे काय?" असे विचारतात तेव्हा घरातली माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. जिव्हाळा वाढतो तशी नावे वाढतात आणि नावे वाढतात तसा त्यांतला अर्थ झिजत जातो, देवळाच्या पायरीसारखा. झिजलेली पायरी ही जास्त वापराची खूण असते.

हे खूळ आपल्यापुरतेच आहे असे समजू नका. इंग्लंडचा राजकवी रॉबर्ट साउदी याच्या घरी एक बोका होता. घरात त्याला रम्पल म्हणत. पण साउदीने त्याला आर्चड्यूक, मार्क्विस, अर्ल आणि बॅरन अशा चार सरदारक्या बहाल केल्या होत्या. त्यांतली बॅरनची पदवी मूषकसंहाराबद्दल होती आणि शेवटी ओरडणे आणि ओरबाडणे या दोन गुणांची बिरुदे होती. अमेरिकेचा विनोदी लेखक मार्क ट्वेन याने आपल्या मांजरांना झोरोआस्टर, अपॉलिनॅरिस, ब्लॅदरस्काइट अशी जीभ न वळणारी नावे ठेवली होती. आपल्याकडे 'घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा' ही म्हण आहे. मांजर मात्र तसे म्हणा असे कधी सांगत नाही. आपणच आपण होऊन त्याला बाजीराव म्हणतो.

येथे मला मराठी व्याकरणातली एक मौज सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'ते मांजर' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. अंगणात कोणी परके आले तर आपण म्हणतो, "ते मांजर बघ आले." त्याला नाव मिळाले की त्याचे लिंग बदलते : "ती मनी आली," "तो वाघ्या आला." वस्तूची व्यक्ती झाली. पण गंमत पुढेच आहे. मनीवर माया फारच दाटली की आपण पुन्हा नपुंसकलिंगाकडे वळतो : "किती शहाणं ग माझं सोनुलं ते! दमलं का पिल्लू?" परक्याचे 'ते' निराळे आणि आपल्याचे 'ते' निराळे. आपल्या भाषेत बाळ, लेकरू, पाडस, कोकरू ही सारी मायेची नावे नपुंसकलिंगी आहेत. कोकणात तर अंगणात खेळणाऱ्या मुलीलाही 'ते चेडू' म्हणतात. म्हणजे मांजर 'ते'पासून निघून 'ती'वरून पुन्हा 'ते'ला येते. आणि तेवढ्या प्रवासात ते परके होते त्याचे पोटचे झालेले असते.

मांजराला हे सारे कळते का? जपानमधल्या संशोधकांनी याची परीक्षा घेतली. त्यांचा निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. मांजराला त्याच्या नावाइतक्याच लांबीचे चार निराळे शब्द एकामागून एक ऐकवले. मांजर कंटाळले, दुर्लक्ष करू लागले. मग त्याचे नाव उच्चारले. त्यासरशी अनेक मांजरांचे कान हलले, डोकी वळली. हाक परक्या माणसाची असली तरीसुद्धा. म्हणजे आपले नाव त्यांना इतर शब्दांपासून वेगळे ओळखता येते. त्याआधी २०१३ साली असेही दिसले होते, की मांजर मालकाचा आवाज ओळखते, मात्र ओळखले तरी उठून येत नाही. हे सांगायला संशोधक कशाला हवेत, असे समोरच्या भगिनी म्हणत असतील. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. मोठी झालेली मांजरे एकमेकांशी बोलताना सहसा 'म्याव' करीत नाहीत. पिल्लू आईला हाक मारताना करते, आणि मोठे मांजर माणसाशी बोलताना करते. आपण त्याला दहा नावे ठेवतो आणि त्याने आपल्याला एकच ठेवले आहे. ते त्याने लहानपणी आईला मारलेल्या हाकेतूनच घेतले आहे.

मंडळी, येथवर आपण हसलात. आता ज्यासाठी हा विषय घेतला त्या गोष्टीकडे येतो.

आपल्या घरांत, विशेषतः माझ्या पिढीच्या घरांत, प्रेम भरपूर होते. पण त्याला तोंड नव्हते. बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही. घ्यायचेच तर उखाण्यात, लोकांनी आग्रह केल्यावर आणि तेही लाजत. एरवी 'अहो' आणि 'इकडे'. नवऱ्यानेही चारचौघांत बायकोला नावाने हाक मारायची नाही. मुलगी सासरी गेली की तिचे माहेरचे नाव तांदळाच्या ताटात पुसून टाकायचे आणि त्यावर नवे लिहायचे. बापाने मुलांना जवळ घेणे म्हणजे वडीलधाऱ्यांसमोर अमर्यादा. ही माणसे कोरडी होती असे नाही. लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव. आईने मारलेली 'बाळ' ही हाक त्यांना जन्मभर चिकटली आणि इतिहासाच्या पानावर तीच राहिली. लाडके नाव ठेवण्याची हौस आपल्या लोकांत होतीच. पण ती पाळण्यापाशी सुरू होई आणि मुंजीपाशी संपे.

माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांनी मला माझ्या नावाने क्वचितच हाक मारली. प्रगतिपुस्तक आले की "अहो चिरंजीव" म्हणत, आणि ते ऐकले की माझे पाय लटपटत. १९५७ च्या पावसाळ्यात भिजून चिंब झालेली एक करडी मांजरी आमच्या पडवीत आली. आईने तिला दूध घातले आणि मनी म्हटले. अण्णा म्हणाले, "ही ब्याद येथे नको." आठ दिवसांनी ती अण्णांच्या बैठकीवर, कचेरीतून आणलेल्या कागदांच्या रुमालाशेजारी अंगाचे मुटकुळे करून निजलेली दिसली. कापडात बांधलेल्या दप्तराला तेव्हा रुमाल म्हणत, हे येथील जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या दिवसापासून अण्णा तिला रुमाल म्हणू लागले. मग रुमालशेट, मग रुमालाबाई.

रात्री आम्ही अंथरुणात शिरलो, की कंदिलापाशी बसून अण्णा तिच्याशी हळू आवाजात बोलत. "जेवलीस का ग? आज कुठे भटकलीस? पाय दुखले का माझ्या बाईचे?" मी गोधडीच्या आत डोळे उघडे ठेवून ऐकत असे. खरे सांगतो, मला त्या मांजरीचा हेवा वाटे. माझे पाय दुखले का, असे मला अण्णांनी कधी विचारले नव्हते.

माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लहानपणी तिला सगळे छबी म्हणत. ती परकर सोडून साडी नेसू लागली तसे अण्णांनी ते नाव टाकले. मोठ्या मुलीला असे म्हणू नये, अशी समजूत. १९६० च्या वैशाखात, महाराष्ट्र राज्य झाले त्याच महिन्यात, तिचे लग्न झाले. सासरी नाव बदलले. घर एकदम रिकामे झाले. अण्णा काही बोलले नाहीत. पण श्रावणाच्या सुमारास माझ्या कानावर एक नवे नाव पडले. रात्री कंदिलापाशी अण्णा त्या मांजरीला म्हणत होते, "छबे, झोप आता."

आईनेही ते ऐकले होते. सकाळी चुलीपाशी तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघेही काही बोललो नाही.

त्या वर्षी दिवाळसणाला ताई आणि भावोजी आले. जावयाचा मान म्हणून अण्णा कडक इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. संध्याकाळी माजघरात पाने मांडली जात होती. पडवीत मांजरीची ताटली होती. अण्णांनी सवयीने दूध ओतले आणि सवयीनेच हाक मारली, "छबे, चल ग, वाढलंय!"

स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "आले हं, अण्णा!"

आणि ती पदराला हात पुसत बाहेर आली. त्याच क्षणी कोनाड्यातून उडी मारून मांजरीही आली. दोघी पडवीच्या दारात एकदमच उभ्या राहिल्या. ताईने ताटलीकडे पाहिले, मांजरीकडे पाहिले आणि मग अण्णांकडे पाहिले. सगळे काही तिच्या ध्यानात आले. अण्णा दुधाचे भांडे हातात धरून तसेच उभे होते. जावयासमोर, बायकोसमोर, मुलासमोर त्या कडक माणसाचे गुपित उघडे पडले होते. ताई हसली नाही. ती खाली बसली, मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझी जागा बरी सांभाळलीस ग!" मग तिला रडू आवरले नाही. अण्णांनी भांडे खाली ठेवले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी तेरा वर्षांचा होतो. अण्णांना असे करताना मी प्रथमच पाहिले.

लंडनमध्ये डॉक्टर जॉन्सन म्हणून मोठा कोशकार होऊन गेला. १७५५ साली त्याचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. बोलण्यात तो भलताच फटकळ म्हणून गाजलेला. त्याच्या हॉज नावाच्या मांजरासाठी कालवे आणायला तो स्वतः बाजारात जाई. नोकरांना पाठवले तर ते वैतागतील आणि मांजराचा राग करतील, अशी त्याला भीती. त्याचा चरित्रकार बॉस्वेल याने हे लिहून ठेवले आहे. आज त्या घरासमोर हॉजचा पुतळा आहे. त्या हकिगतीत मला आमचे अण्णा दिसतात. फटकळ माणसाला मऊपणा ठेवायला एखादा कोनाडा लागतो आणि मांजर त्या कोनाड्यात मावते.

एक आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. माणसांची पोरे अर्धपोटी असताना मांजराला दूध आणि दहा-दहा नावे, हा शौक नव्हे काय? दुधाबद्दल मी वाद घालणार नाही. ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. पण नावांना पैसा पडत नाही. आणि मांजराला दिलेले नाव माणसाकडून हिरावून घेतलेले असते, असेही नाही. उलट कित्येकदा माणसाला द्यायचे राहून गेलेले नाव तेथे ठेव म्हणून ठेवलेले असते. अण्णांनी छबीचे नाव त्या मांजरीपाशी असेच सांभाळायला दिले होते. दिवाळसणाला त्याची धनीण आली आणि घेऊन गेली.

नाव ठेवले नाही तर प्रेम नसते, असेही मी म्हणणार नाही. जपानचा थोर कादंबरीकार नात्सुमे सोसेकी याच्या १९०५-०६ मधल्या प्रसिद्ध कादंबरीत सारी कथा एक मांजर सांगते, आणि त्याला अखेरपर्यंत नाव मिळत नाही. सोसेकीच्या घरच्या मांजरालाही नाव नव्हते. पण १९०८ साली ते मेले तेव्हा त्याने आपल्या स्नेह्यांना त्याच्या मृत्यूची पत्रे पाठवली. नावावाचूनही जीव लागतो. मात्र ज्याचा जीव लागला आहे त्याला ते कळावे, यासाठी हाक लागते. मांजराचे कदाचित हाकेवाचून चालते. माणसाचे चालत नाही.

आमची ती करडी मांजरी पुढे चार वर्षांनी गेली. अण्णाही जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. भावोजींनी 'छबी' हे नाव त्या दिवाळीत ऐकले होते, पण त्यांनी ते कधी वापरले नाही. "ते तुमच्या घरचे आहे," असे म्हणत. आज ताई चौऱ्यांशी वर्षांची आहे. तिला आजी, पणजी, काकू, मावशी म्हणणारे खूप आहेत. रेशनकार्डावरचे नाव निराळेच आहे. छबी म्हणणारा मी एकटा उरलो आहे. लाडके नाव हे ज्याला दिले त्याचे नसते. जो हाक मारतो त्याच्यापाशी ते असते आणि तो गेला की तेही जाते. म्हणून दर रविवारी सकाळी मी तिला फोन लावतो आणि पहिला शब्द तोच उच्चारतो. पलीकडून ती आजही म्हणते, "आले हं!"

आता वेळ संपत आली. आपण घरी जाल तेव्हा आपली मनी उंबऱ्यात वाट पाहत असेल, किंवा पाहत नसल्याचे सोंग करून बसली असेल. तिला तिच्या साऱ्या नावांनी हाक मारा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण त्यांतले एखादे नाव घरातल्या ज्या माणसासाठी मुळात होते, त्याला ते आज रात्री परत करा. ते माणूस चमकेल, कदाचित "काय झालंय तुम्हाला?" असेही विचारील. विचारू द्या.